डावा कान, दहा आठवडे

कानामागे सात टाके,
आत औषधात भिजवलेली चिंधी,
आणि चिंधीपलीकडे, फाटक्या पडद्यावर,
माझ्याच कानशिलातून काढलेलं ठिगळ.
आमच्या बंदरात जाळीही अशीच सांधतात,
मी डॉक्टर लोउरिदोला म्हटलं.
तो म्हणाला, जाळं लगेच पाण्यात जातं, दोसिंदा.
तू जायचं नाहीस. दहा आठवडे.

कोर्मेच्या बाईला दहा आठवडे कोरडं!
आणि तेही नाताळ धरून,
जेव्हा मूठभर पेर्सेबेससाठी
माद्रिदवाले मागू ते मोल देतात.

नाक शिंकरायचं नाही.
शिंक आलीच तर तोंड वासून द्यायची,
गाढवासारखी, शेजाऱ्यांना कळेल अशी.
वाकायचं नाही. बादली उचलायची नाही.
न्हाताना व्हॅसलीन फासलेला बोळा.
आमारो बटाटे सोलायला शिकला;
अर्धा बटाटा अजून सालीबरोबर जातो.

जिभेची डावी बाजू पितळेची झाली.
कॉफीचा घोट अर्धा कॉफीचा,
अर्धा जुनं नाणं चोखल्यासारखा.
कानातून जाणारी एक नस रुसते म्हणे कधी कधी.
पाचव्या आठवड्यात पावाची चव परत आली,
न सांगता, मागच्या दारानं.

त्याआधी चिंधी निघाली होती.
नळीनं आत काहीतरी सुर्रकन ओढलं,
खोली होडीसारखी कलली,
नर्सनं दंड धरला.
मग पेटल्यासारखा आवाज झाला.
मी दचकून पाहिलं तर
डॉक्टर नुसता फाईलचं पान उलटत होता.

घरी चमच्यांनी जीव नकोसा केला.
आमारोच्या नाकात शिट्टी आहे
हे लग्नानंतर एकतीस वर्षांनी कळलं.

एरुंदिना चौदा वर्षं माझ्या डावीकडे.
एका दोराची दोन टोकं आम्ही.
एकीनं खडक खरवडायचा, एकीनं समुद्र पाहायचा.
मोठी लाट उठली की ती दोर खेचायची,
हाक मारायची नाही;
त्या बाजूला ऐकायला कोणी नाही, तिला ठाऊक होतं.
मी गावात सांगायचे,
एरुंदिना म्हणजे अबोल बाई.

जानेवारी सरता सरता मला परवानगी मिळाली.
भाव पडला होता, थंडी नव्हती पडली.
ओहोटीची वाट पाहत आम्ही खडकावर बसलो,
रबरी पोशाखात, दोन सील माशांसारख्या.
कानात घालायचा मेणाचा गोळा
मी तळहातात मळत होते.

तेव्हा ती बोलली.
तोंड समुद्राकडे, ओठ जेमतेम हललेले,
आवाज असा की रोजचा असावा,
रोजच्या जागी ठेवलेला.
भीती वाटते गं, म्हणाली.
शुशो बुडाला तेव्हापासून रोज वाटते.
तू खाली असतेस आणि पाणी फुगायला लागतं,
तेव्हा वाटतं, दोर टाकावा आणि पळत सुटावं.

मी वळले नाही.
मानेवरची शीर उडत होती तेवढीच.
चौदा वर्षांच्या ओहोट्या मोजल्या मनात,
किती वेळा खाली गेले,
किती वेळा दोर ताठ होता.
प्रत्येक वेळा.

मग ती पुढून वाकून माझ्या उजव्या कानाशी आली,
मोठ्यानं, दुकानात विचारतात तसं:
काय गं, येतं का आता ऐकू?

अजून वेळ लागेल, मी म्हटलं.
डॉक्टरच म्हणतो.

पाणी उतरायला अर्धा तास होता.
मी गोळा कानात बसवला,
नीट, कडेपर्यंत.
मग दोराची गाठ तिच्या कमरेला मीच बांधली
आणि ती पुन्हा डावीकडे जाऊन बसली.
तिच्या जबड्याची हालचाल
मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती.