साडेचारची नळी

वयाच्या हिशेबानं सहाची बसायला हवी.
मी ट्रेमध्ये साडेचारची ठेवली आहे,
तिच्या शेजारी चारची,
आणि रुमालाखाली, कुणाला दिसू नये अशी, साडेतीनची.

स्फाक्सच्या थिएटरात सकाळचे सात.
युस्र आठ वर्षांची, उंची तिसऱ्या वाढदिवसाला थांबलेली.
मानेचे पहिले दोन मणके एकमेकांना नीट धरत नाहीत,
श्वासनलिका ओल्या कागदासारखी दुमडते.
झोपते ती बसून, डोकं मागे टाकून.
तिला हे कुणी शिकवलं नाही, हवेनंच शिकवलं.
नावाचा अर्थ सोपेपणा.
फाईल चार बोटं जाड.

काल तिच्या बापाला कागदावर काढून दाखवत होते:
इथं जीभ, इथं वळण, इथं जागाच नाही.
मोंजी, केर्केना बेटावरचा मासेमार,
त्यानं पेन माझ्या हातातून घेतलं
आणि खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण काढलं,
उथळ समुद्रात रोवलेलं, निमुळतं होत गेलेलं.
"मासा ढकलून आत जात नाही, डॉक्टर.
पाणी वाहतं ठेवायचं. वाट तो काढतो."
मग सही केली. चुकून, त्या चित्रावरच.

मास्कला वास तिनं निवडलेला, संत्र्याचा.
"मी झोपल्यावर श्वास कोण घेणार?"
हा प्रश्न मला कुठल्याच परीक्षेत आला नव्हता.
तूच, मी म्हणाले. मी फक्त सोबतीला.
स्नायू सैल करणारं औषध आज भरलेलंच नाही.
तिचा श्वास तिच्याकडून काढून घ्यायचा नाही,
एवढाच बेत.

हेदियाचे दोन्ही तळवे तिच्या कानांशी,
मान तसूभरही हलू नये.
नाकातून काळी, बारीक दुर्बीण.
पडद्यावर गुलाबी, फेस, लाल, पुन्हा गुलाबी.
ओळखीचं काहीच नाही.
ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी.
यंत्राचा सूर एकेक पायरी उतरतो.
मी थांबते.
ढकलत नाही.
ती श्वास घेते,
आणि दोन पांढऱ्या कडा बाजूला सरतात.

साडेचारची गेली नाही. चारची गेली.

पुढचे पाच तास मणके बांधणाऱ्यांचे; ती गोष्ट त्यांनी सांगावी.

संध्याकाळी नळी निघाली. खोकली, रडली,
मग घोगऱ्या आवाजात:
"घेतला ना मीच?"

बाहेर बाकावर मोंजी बसल्याबसल्या झोपलेला,
डोकं मागे, तोंड उघडं,
थेट लेकीसारखा.
उठवायला हात पुढे केला
आणि सवयीनं
आधी त्याची मान सावरली.