चीक

तारेच्या आत तीनशे बारा झाडं,
प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याचा नंबर.
पानावर पिवळा ठिपका नाही, केळफूल सुकलेलं नाही,
लोंगर इतका जड की बांबूचा टेकू द्यावा लागतो.
तो उतरवायचा, वजन करायचं,
फण्या मोजून वहीत लिहायच्या,
आणि पुरायचा.

पुरायचा म्हणजे पुरायचाच. कमरेइतका खड्डा,
कोयत्याने तुकडे, वर चुना, वर माती.
एक केळं फाटकाबाहेर न्यायचं नाही,
सालसुद्धा नाही.
संध्याकाळी किझा आमच्या पिशव्या उघडून बघतो,
मग ओशाळून म्हणतो, "वेबाले, न्याबो."

कायद्याला अजून ठरवता येत नाही
हे अन्न आहे की आणखी काही.
तोवर ते मढं आहे.

माझी बाग कायुंगाच्या वाटेवर होती.
किवोटोका आला तेव्हा आधी एकाच पानाने मान टाकली.
मग फळं आतून पिकत गेली, बाहेरून हिरवी राहून,
वाईट बातमी घेऊन आलेला पाहुणा
आधी पाणी मागतो तशी.
खोडावर वार केला की पिवळा पू.
साठ बुंधे मी आणि काटेंडेने तोडले,
दर वारानंतर कोयता जाळावर धरत,
कारण हा रोग हत्यारावर बसून पुढच्या झाडाकडे जातो.
नासुनाची नाळ ज्या बुंध्याशी पुरली होती
त्याला मी त्याला हात लावू दिला नाही.
तो मीच तोडला.

त्या वर्षी आम्ही कसावा खाल्ला.
आमच्या बोलीत अन्न आणि मटोके यांना शब्द एकच,
म्हणून नासुना ताट चाटूनपुसून संपवायची
आणि विचारायची, "जेवण कधी?"

डॉक्टर बिरुंगी सांगते,
ढोबळी मिरचीतला एक धागा काढून केळीत ओवलाय,
तो रोगाची वाट अडवतो.
मी विचारलं, "तिखट लागते का मग?"
ती हसली. हसू ओसरल्यावर म्हणाली,
"चाखायची परवानगी मलाही नाही."

नणंद नाकिबुले सभांना जाते.
तिचं भांडण मिरचीशी नाही.
"मुनवा कुणाचा, ते सांग.
सासूने तुला दिला, तू मला, मी लेकीला लग्नात.
कुणी कधी पावती मागितली?
उद्या त्या कंदावर कुणाचं नाव असेल?
आणि नाकितेंबे, किबुझी, म्बवाझिरुमे, मुसाकाला,
सगळ्या मागे पडून दारोदारी हीच एक उभी राहिली,
आणि हिलाच खाणारं काही आलं, तर?"
मी म्हणते, आधी पोट.
ती म्हणते, पोट काय आजच्यापुरतंच असतं?
आणि दोघी एकाच टोपलीतला कसावा सोलतो.

मंगळवारी खड्ड्याच्या कडेला,
मागच्या वर्षी पुरलेल्या कुठल्याशा कंदाला
मुनवा फुटला होता.
चुन्यातून वीतभर वर. पानाची घट्ट सुरळी.
नियम पाठ आहे. दिसला की उपटा, तोडा, लिहा.
किझा फाटकाशी रेडिओचा कान पिळत होता.
माझ्या गोमेसीच्या पट्ट्यात
तान्हं मूल मावेल एवढी जागा असते.

किती वेळ उभी होते, कळलं नाही.
मग वार केला,
आणि जुन्या सवयीने वाकून बघितलं, पिवळं शोधत.

पांढरं होतं.
आत, आत, पार गाभ्यापर्यंत पांढरं.
चिकाचे दोन थेंब वर आले
आणि माझ्या मनगटावर ओघळले.

वहीत लिहिलं, मुनवा एक, नष्ट.

केळीचा डाग साबणाला जुमानत नाही, लिंबालाही नाही.
रात्री नाकिबुलेने माझा हात दिव्यापाशी ओढला,
काळवंडलेल्या रेघेवरून अंगठा फिरवला.
"तुझी बाग तर केव्हाच गेली," म्हणाली,
"मग हा कुणाच्या केळीचा?"