कडबाकुट्टी फायनल दोन

एमआयडीसीतून पेनड्राइव्ह घेऊन पोरगं आलं
तेव्हा जालन्यात दुपारचे अडीच, लाइट नुकतीच आलेली.
तोष्णीवाल शेठचा निरोप तोंडी:
"मशीनचं चित्र आहे यात. पुस्तकात बसवा.
सोमवारी छापायचंय."

चित्र नव्हतं. नकाशा होता.
शेठला हे कधी पटलं नाही, मीही सांगायचं सोडलंय.
नकाशा लोखंडाशी बोलतो.
पुस्तक बोलतं परतूरच्या, मंठ्याच्या माणसाशी,
ज्याच्या एका हातात पाना आहे
आणि दुसऱ्या हातात तेलकट झालेलं पान.
मधे मी. तीनशे रुपये पान.

तिकडं काळ्या पडद्यावर पिवळ्या रेघा,
इलियास ड्राफ्ट्समनची रात्रपाळी.
इकडं पांढरा कागद उघडला
तर पिवळं काहीच दिसेना,
अख्खी मशीन उन्हात लावलेल्या दिव्यासारखी.
सगळं धरून काळं केलं.
मग गोल पाहिले. फ्लायव्हीलचा गोल
डीएक्सएफमधून येता येता छत्तीस कोनांचा झालेला,
कडेनं तुटलेल्या शिळ्या भाकरीसारखा.
पात्याची तिरपी रेघाटी म्हणजे अकरा हजार सुटे तुकडे.
एकाला हात लावला की कोरल दम खात बसतं,
चहा येतो, थंड होतो.
आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं, ओळीनं.
हे पातं का? रोलर का? का बोल्ट?
मशीनच मला विचारायली.

फोन लावला. इलियासभाई म्हणाले,
"ईपीएस करून देऊ का ताई?"
द्या. पण रेघा केसाएवढ्या नकोत,
छापखान्याच्या प्लेटवर केस टिकत नाही.
बाहेरची कड एक पॉइंट, आतली अर्धा,
मापांची पाव.
"मापं तर शेठ काढाच म्हणलेत."
जरा थांबले.
"एक लेअर गोठवलेला आहे. तो नका उघडू."

असं म्हणल्यावर कोण उघडत नाही?

लेअरचं नाव: हात.
कडबा सारायच्या पन्हाळीत आडवा ठेवलेला पंजा,
लहानपणी आपण कागदावर हात ठेवून
भोवती पेन्सिल फिरवायचो, तसा.
मग स्कॅन करून टिंबाटिंबानं पुन्हा काढलेला.
बोटं मोजली. पुन्हा मोजली.
मधलं बोट अर्ध्यावरच सरळ संपलेलं,
तिथून निघालेले दोन बारीक बाण, मधे माप:
पात्यापासून ४५० मिलिमीटर. इथपर्यंत झाकण.
हात कुणाचा, विचारलं नाही.
काढणाऱ्याची रेघ कुठंच हलली नव्हती,
एवढं दिसत होतं.

प्रूफ बघायला शेठ स्वतः आले, स्कूटर चालूच ठेवून.
तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.
"हे काय? गिऱ्हाईक भ्यायलं तर?
हात-बित काढा. आणि सुरुवातीला गणपती घ्या, जरा मोठा."
हो म्हणाले.
गणपती घेतला. तिसऱ्या पानावरचा हात काढला.

सातव्या पानावर तेल कुठं घालायचं ते असतं.
शेठ तिथवर वाचत नाहीत, कधीच.
हात तिथं ठेवला.
पाव पॉइंट पुरला नसता, दीड दिला.

मग सगळ्या अक्षरांचे कर्व्ह केले.
कर्व्ह झालं की अक्षर अक्षर राहत नाही,
नुसता आकार होतं. वाचता येतं,
कुणाला बदलता येत नाही.

फाइल पाठवली. इलियासभाईंना काही कळवलं नाही.
बिल केलं आठ पानांचं,
सातव्याचेही तीनशे लावले.