परदा भाड्यानं मिळेल

माझ्या बिछायत केंद्राच्या वहीत
तिचं नाव दोन लग्नांच्या मधल्या ओळीत आहे:
मयुरी दिघोरे. एक पांढरा परदा,
चाळीस खुर्च्या, दोन साउंडबॉक्स, एक रात्र.
आगाऊ रकमेचा रकाना कोरा.

'कोणती दंडार?' मी विचारलं.
'दंडार नाही, पिक्चर. माझा.'
माझा म्हणजे काय?
आमच्याकडे पिक्चर पोस्टरवरच्या चेहऱ्याचा असतो,
फार तर साकोलीच्या टाकीजवाल्याचा.
ती म्हणाली, चेहरा तुळजाआत्याचा आहे,
पैसे चार वर्षांच्या शिकवण्यांचे,
आणि एका मैत्रिणीनं स्कूटी विकली.

पोस्टर नव्हतं.
शाळेच्या फळ्यावर खडूनं लिहिलं:
आज रात्री आठ, समाजमंदिरामागे.
खाली कोणीतरी लिहिलं: मारामारी आहे का?
त्याखाली तिनं: आहे. माशाशी.

मंडईचे दिवस. पलीकडच्या गावात रात्रभराचं नाटक,
रंगवलेला राजवाडा, शंभर रुपये खुर्ची.
त्यांचे भोंगे आमच्यापर्यंत येत होते.
इकडे आम्ही त्रेचाळीस.
मला मोजायची सवय आहे.

सुरुवातीला नदी. मग नदी.
मग पुन्हा नदी, तेव्हा माझ्या बाजूचा
नामदेव कोहपरे म्हणाला, 'अटकला वाटते जी.'
अटकला नव्हता.
वैनगंगा पहाटे साडेपाचला तशीच वाहते,
एवढा वेळ तिच्याकडे बघत
आमच्यातलं कोणी बसलं नव्हतं, एवढंच.

मग तुळजा. जाळं विणते.
गाणं नाही, मागे तबला-पेटी नाही,
दोऱ्याचा ताण ऐकू येतो, तिचा श्वास,
कुठंतरी कोतवाल ओरडतो.
दोन पोरं उठली, नाटकाकडे गेली.
एक्केचाळीस.
पुढच्या रांगेत लहानू मानकर,
ज्याची बोटं आता भाकरीसुद्धा धड मोडत नाहीत,
ती बोटं तिच्यासोबत हलायला लागली.
आणि एकाएकी तो ओरडला,
'चुकली! जाऱ्याची गाठ चुकली तुही!'
पडद्यावर तुळजा थांबली.
गाठीकडे पाहिलं. सोडली.
पुन्हा बांधली.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.
पण प्लास्टिकच्या खुर्च्या करकरायच्या थांबल्या,
आणि बिछायतवाल्याला विचारा,
त्या लग्नात थांबत नाहीत, भाषणात थांबत नाहीत,
मंगलाष्टकांनाही नाही.

खरी तुळजा सगळ्यांच्या मागे बसली होती
पडद्याकडे पाठ करून.
तिला लाज वाटत होती म्हणे.
सगळा वेळ तिनं अंधार बघितला,
ऐकत होती, लोक कुठं हसतात.

संपल्यावर मयुरीनं विचारलं, कसा वाटला?
बराच वेळ कोणी बोललं नाही.
लहानू म्हणाला, 'मासा लहान होता.'
ताटात दोनशे नव्वद रुपये जमले,
एक पुडी लाखोळी डाळ,
आणि कोणाचं तरी बटण.
मी वहीत लिहिलं: भाडं बाकी.

पुढचं मयुरीच्या हातात नव्हतं.
तुळजा पालांदूरच्या बाजारात मासे विकते.
तराजू धरलेला असताना एक बाई विचारते,
'पिच्चरमंधली थे तूच का वं?'
'मीच. अर्धा किलो का पाव?'
त्या टोपलीतून पिक्चर सात गावांना गेला,
बर्फाशिवाय, आणि नासला नाही.

फोन मात्र मला येतात.
परद्याच्या खालच्या कडेला माझा नंबर आहे,
निळ्या रंगात: खुशाल बिछायत, लाखांदूर.
पुसायचा राहून गेला होता,
म्हणून पूर्ण सिनेमाभर नदी
माझ्या नंबरावरून वाहत होती.

'नदीवाला परदा आहे का जी तुमच्याकडं?'
कोणी म्हणतं, ज्यात काहीच होत नाही तो,
कोणी म्हणतं, ज्यात गाठ चुकते तो.
मयुरीचं भाडं अजून बाकी आहे.
मी वही उघडतो, पेन शोधतो,
विचारतो,
लाइटचं कनेक्शन किती दूर?