घर क्रमांक तेवीसपर्यंत

सव्वाचारला वारं सुटलं, पावणेपाचला ऊन पडलं,
आणि मधल्या अर्ध्या तासाची यादी करायला
तलाठीसाहेबांनी मला सांगितलं. मी गावची कोतवाल.
साहेब उद्या येणार. रस्त्यात झाडं आहेत.

चाळीस पानी वहीत रकाने आखले :
नाव, घर, टिना, जनावर, शेरा.

मैनाबाई कुमरे. टिना सात गेल्या, दोन सापडल्या.
कोंबड्या अकरा.
"बारा लिही," मैनाबाई म्हणाली,
"बारावी खुडूक व्हती, अंड्यांवरून उठलीच नाई."
मी अकरा खोडून बारा केलं.

गुणवंत भोयर. घर अंशतः.
"अंशतः म्हंजे काय वो बाई?"
म्हणजे भिंत उभी आहे, दादा.
"भिंत तं हाय. पोराचं लगन वाहून गेलं तिच्यावरचं."
पाहिलं तर दोन मोरांपैकी एकच उरलेला,
नवरीचं आडनाव गारांनी खरवडून नेलेलं.
नवरी आतच होती, भिजलेल्या तुरी सुपात पसरत,
पदराआड हसली.

दर दोन घरांनी मी बेबीला फोन लावत होते.
बेबी माझी धाकटी. नदीपल्याड दिली.
हवेतून अर्धा कोस, पुलावरून दोन.
फोनमधली बाई तेच तेच बोलायची,
मग तीही बोलेनाशी झाली.

पल्याडून येणाऱ्या प्रत्येकाला अडवलं.
दूधवाला म्हणाला, शाळेचं छप्पर गेलं.
बकऱ्यावाला म्हणाला, पुलावर बाभूळ आडवी हाय.
मोटरसायकलवरचा एक पोरगा थांबलाही नाही,
जाता जाता म्हणाला, एक म्हातारी गेली म्हनतात.
कोणती रे?
"म्हातारी."
बेबी चव्वेचाळीसची आहे.
पण त्या पोराला तीही म्हातारीच.

तेविसावं घर लिहीत होते, तेव्हा हाक आली,
भुईमुगाच्या वावरात दार पडलंय म्हणून.
पत्र्याचं दार, तेलाचं पिंप ठोकून सपाट केलेलं,
एका कोपऱ्यात अजून सूर्यफूल.
त्यावर खिळ्यानं ओढलेल्या रेघा :
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
शेळीच्या दुधाचा हिशेब.
खाली उधारी, आणि एक ळ,
जो शाळेत दोघींनाही कधी नीट जमला नाही.

शेवटची रेघ चकाकत होती.
बाकी सगळ्या गंजलेल्या.
म्हणजे आज सकाळी दूध काढेपर्यंत ती होती.
सकाळ सातची. वारं चारचं.
त्या मधल्या नऊ तासांत मी उभी राहिले थोडा वेळ.

वहीत लिहिलं : दार, एक.
नावाच्या रकान्यात काहीच नाही,
कारण ते पडलं आमच्या शिवारात आणि उडालं त्यांच्या,
याचा पंचनामा कुणी करायचा, साहेबांनाच विचारावं लागेल.

पुलाकडे गेलेच नाही.
एप्रिलची नदी, गुडघाभर पाणी, त्यात तरंगणारी कच्ची आंब्याची डहाळी.
दार डोक्यावर, वही ब्लाउजमध्ये.
वारं पुन्हा उठलं असतं तर मीही उडाले असते,
तीच वाट उलटी धरून.

बेबी अंगणात बसून वाकडे खिळे दगडावर सरळ करत होती.
आधी दार पाहिलं, मग दाराखालची मी.
"सापडलं का," म्हणाली. दारालाच म्हणाली बहुतेक.
शेळी खाटेच्या पायाला बांधलेली, घराला आभाळ.
म्हातारी कोण गेली?
"कोनी नाई गेलं. कवशी आजी उडालेलं लुगडं पाह्याले गेली व्हती,
लुगडं घेऊन आली."

मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.
"आन् तुह्या टिना?"

तेवीस घरं लिहिली होती मी.
माझं सतरावं यायला हवं होतं.
त्याच्यासमोरून गेलेही असेन, खाली पाहत,
फोन लावत.

बेबीनं दार माझ्या डोक्यावरून उतरवलं,
सूर्यफुलाच्या बाजूनं भिंतीला टेकवलं.
"जाय मंग," म्हणाली, "अंधार पडाच्या आत.
उभी काऊन हाय?"
आणि पुन्हा खिळे ठोकायला बसली.
एक खिळा दोनदा बोटावर बसला तिच्या,
तरी वर पाहिलं नाही तिनं.