तळाचा माणूस

गांडुळं मी फ्रिजमध्ये ठेवते, लोण्याच्या शेजारी,
चार अंशांवर, ओल्या पीटमध्ये.
इन्स्पेक्टर आला की डबा खाली सरकतो,
गेला की वर.

लोक विचारतात, हेल्वे, जिवंत गांडुळाला कुठली जोडणी चांगली?
जणू मी डॉक्टर, आणि सगळ्या दुखण्यांना एकच गोळी.
मी उलट विचारते. वारा कुठून? बोट की धक्का?
आणि घाई आहे का तुला?
घाईतला माणूस गांडूळ ओवतो मोजा रफू केल्यासारखा,
तीनदा आरपार,
मग म्हणतो, मासे हुशार झालेत.
एकदाच टोचावं, मानेजवळच्या जाड पट्ट्यात,
बाकी अंग मोकळं सोडावं.
मरणाऱ्यानं हलत राहावं, एवढंच मागतो आपण त्याच्याकडे.
मागायचंच, तर हात तरी नीट चालावा.

पर्चला फ्लोट, बोटभर, हलका.
ब्रीमला तळ :
सरकतं शिसं, मणी, फिरकी,
मग दोन वीत तंगूस, गळ,
आणि काठीच्या शेंड्याला घंटी.

काल्यो तळाचा माणूस.
एकतीस वर्षं ड्रेजरच्या इंजिनाला खेटून
मुस्त्वे बंदरातला गाळ उपसला त्यानं.
फ्लोटला म्हणायचा, पाळण्यावरचं खेळणं.
"काठी टेकवायची, टोपी तोंडावर घ्यायची.
बोलावणं आलं की उठायचं."

मे महिन्यात तीनदा आला.
तीनदा म्हणाला, ब्रीम गेले.
म्हणाला, गांडुळं सुस्त आहेत तुझी.
मी डबा उघडला. रुबार्बखालच्या खतातली,
आईच्या वाफ्यातली, झाकणापर्यंत चढलेली,
लाल, ओली, सुटायला बघणारी.

चौथ्यांदा तो काउंटरशी उभा होता
शिशाचे गोळे तळहातावर तोलत,
आणि मागे दार उघडलं.
दारावर सासऱ्यांची पितळी घंटा आहे,
गाईच्या गळ्यातली. मेलेल्यालाही उठवेल.
एर्ना टपाल घेऊन आत आली, मागून तिचा कुत्रा, भुंकत.
काल्योचे खांदे होते तसेच.
म्हणाला, "आज गप्प आहे तुझं दुकान."

एर्नानं माझ्याकडे पाहिलं.
कुत्रासुद्धा थांबला.

मी काही बोलले नाही. म्हणजे बरंच बोलले,
त्याच्यासमोर येऊन, ओठ नीट उघडून :
यंदा तळाशी शेवाळ फार, गांडूळ त्यात हरवतं.
(खोटं. शेवाळ दरवर्षी एवढंच असतं.)
तळ सोडू नकोस, पण वर हा फ्लोट लाव,
चार ग्रॅम, नारिंगी शेंडीचा.
खोली मोज. शेवटचा छर्रा तळाला टेकू दे.
ब्रीम आमिष उचलतो तेव्हा फ्लोट बुडत नाही,
उलट वर येतो, आडवा होतो,
हाक ऐकून कुणी मान वर करावी तसा.

हे शेवटचं मी म्हणायला नको होतं.

"पोरांचं खेळणं," तो म्हणाला.
मग, "किती?"
"तीन युरो साठ."
डोळे माझ्या ओठांवर. नाणी बरोबर मोजली.

जूनमध्ये पेइप्सीवर रात्र नावालाच होते.
अकरा वाजता मी शटर ओढून धक्क्यावरून घरी निघाले,
पाणी दुधाच्या साईसारखं,
आणि त्यावर एक नारिंगी ठिपका, स्पष्ट.
काल्यो ताठ बसलेला. टोपी डोक्यावर.

घंटी त्यानं काढलेली नाही.
वारा सुटला की ती वाजते,
सगळ्या धक्क्याला ऐकू जाते,
कुणी वळून बघत नाही.

ऑगस्टमध्ये अंधार परत येईल.
फ्लोटच्या शेंडीला लावायच्या चमकत्या कांड्या
आजच मागवल्या, दोन खोकी.
कुणी विचारलंच, तर
पोरांसाठी म्हणेन.