भाऊ नाहीत का?

विट्यात, मागाच्या गल्लीच्या तोंडाशी माझं मेडिकल.
रात्रपाळी सुटली की ते येतात,
भुवयांवर कापसाची पिंज,
आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावतात :
"भाऊ नाहीत का?"

भाऊ म्हणजे माझा नवरा. त्याला औषधातलं
काडीचं कळत नाही. पण तो पुरुष आहे.

मग ते डोकेदुखीची गोळी घेतात.
ट्यूब आणतात स्टँडजवळून, कुणीतरी सांगितलेली.
चार दिवस गार वाटतं.
मग कड पसरत जाते मांडीवर,
कागद जळावा तशी,
मधून विझलेली, काठानं लाल.

शिदगोंडाला एकदा विचारलंच,
"जांघेत आहे ना?"
तो बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या मोजायला लागला.

मी बोलत राहिले, तुटलेल्या धाग्याबद्दल बोलावं तशी :
ती ट्यूब डॉक्टरांना दाखव, मनानं लावू नकोस.
ते देतील ते मलम खाज थांबली तरी सोडू नकोस,
ते म्हणतील तोवर लाव.
घामाचे कपडे आल्या आल्या बदल. कोरडं पूस.
पायाच्या बोटांत पण बघ, तिथूनच चढतं कधीकधी.
टॉवेल तुझा तुझ्यापुरता.
आणि चड्डी टॉवेलखाली झाकून वाळत घालू नकोस.
उन्हाला कसली आलीय लाज?

त्यानं पैसे दिले, सुट्टे न घेताच गेला.

परवा आला. मागं एक पोरगा, मागावर नवीन,
चालताना पाय फाकवत.
शिदगोंडानं आत डोकावून खात्री केली :
"भाऊ नाहीत ना?"

पोरगा लिमलेटच्या बरणीकडं बघत होता.